रक्तातील आकडा आणि तासगाव-मिरजेचे अंतर

करोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी तासगावसारख्या तालुक्याच्या गावालाही ‘डी-डायमर’ हा शब्द शिकविला. मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपुरात एकाच कुटुंबातून सुरू झालेल्या संसर्गाची राज्यभर चर्चा झाली. पुढच्या लाटांत प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर हा आकडा वाढलेला दिसला, की नातेवाइकांच्या पोटात गोळा येई. साथ ओसरली, आकड्याचा धसका मात्र अनेकांच्या मनात घर करून राहिला. म्हणूनच रक्ततपासणी मृत्यूचा धोका कितपत सांगू शकते, या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हायला हवा.

हा प्रश्न ज्या आजारात सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो, तो म्हणजे ‘पल्मनरी एम्बोलिझम’. पायाच्या खोल शिरांत धरलेली रक्ताची गुठळी सुटते, हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे वाहते आणि फुप्फुसाच्या धमनीत अडकते. मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेले वृद्ध, मोठी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया आणि कर्करोगाचे रुग्ण यांना हा धोका अधिक असतो. अचानक धाप लागणे, छातीत कळ येणे, भोवळ येणे ही लक्षणे पुष्कळदा हृदयविकाराची किंवा दम्याची समजली जातात आणि मोलाचा वेळ निघून जातो.

येथे पहिला गैरसमज दूर केला पाहिजे. डी-डायमर ही मुख्यतः आजार नाही, हे ठरविण्याची चाचणी आहे. संशय फारसा बळकट नसताना हा आकडा कमी आला, तर गुठळीची शक्यता बाजूला ठेवता येते. परंतु तो वाढलेला असला म्हणजे गुठळी आहेच, असे नव्हे. गरोदरपण, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया आणि वाढते वय यांमुळेही तो चढतो. पन्नाशीनंतर त्याची मर्यादा वयानुसार वाढवून धरावी, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

धोक्याचा अंदाज देणाऱ्या चाचण्या वेगळ्या आहेत. गुठळीमुळे फुप्फुसाची वाट अडली, की हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण येतो. स्नायूला इजा झाल्यास रक्तात ट्रोपोनिन वाढते, कप्पा ताणला गेल्यास एनटी-प्रोबीएनपी वाढते आणि शरीराच्या पेशींना प्राणवायू अपुरा पडू लागला, की लॅक्टेट चढते. यातून रुग्णाचे हृदय हा भार किती सोसते आहे, हे समजते.

तरीही एकट्या आकड्यावर निवाडा करता येत नाही. २०१० मध्ये मांडलेल्या एका सोप्या मोजणीत केवळ सहा गोष्टी पाहिल्या जातात: ऐंशीहून अधिक वय, कर्करोग, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना विकार, ११० किंवा अधिक नाडी, वरचा रक्तदाब १०० पेक्षा कमी आणि रक्तातील प्राणवायू ९० टक्क्यांपेक्षा कमी. यांपैकी एकही गोष्ट नसलेल्या रुग्णांत तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे एक टक्का, तर एक किंवा अधिक असलेल्यांत सुमारे अकरा टक्के आढळले. या मोजणीला प्रयोगशाळा लागत नाही; रक्तदाबमापक आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर पुरते. मात्र युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी पुढचा इशाराही दिला. मोजणी शून्य असूनही ट्रोपोनिन वाढलेले असेल किंवा उजवा कप्पा थकलेला दिसत असेल, तर रुग्णाला निर्धोक मानू नये.

धोका कळला म्हणून सर्वात जहाल औषध द्यावे, असेही नाही. रक्तदाब टिकून असलेल्या, पण उजवा कप्पा आणि ट्रोपोनिन दोन्ही बिघडलेल्या सुमारे हजार रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनाने प्रकृती ढासळण्याचे प्रमाण घटले. पण मेंदूतील व अन्य गंभीर रक्तस्राव वाढले आणि मृत्यूच्या प्रमाणात ठोस फरक पडला नाही. अशा रुग्णाला रक्त पातळ ठेवणारे औषध देऊन सतत देखरेखीखाली ठेवणे, हाच सर्वसाधारण मार्ग ठरला.

तासगावच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ व्यवहाराचा आहे. येथून सांगली पंचवीसेक किलोमीटर, मिरज त्यापुढे. कोणाला तातडीने अतिदक्षता विभागात हलवायचे आणि कोणावर जवळच उपचार करायचे, हा निर्णय तालुक्याच्या डॉक्टरांना घ्यावा लागतो. सरकारी रुग्णालयांतील नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत नेऊन तपासणारी ‘महालॅब’ योजना राज्यात २०१७ मध्ये आली. मधुमेहाच्या किंवा थायरॉइडच्या तपासणीसाठी अशी व्यवस्था सोयीची असते. पण या आजारात संध्याकाळी हाती येणारा अहवाल उपयोगाचा नाही. येथे ट्रोपोनिनची चाचणी रुग्णाच्या खाटेशेजारीच, काही मिनिटांत व्हायला हवी. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णासाठी तर तेवढीही वाट पाहू नये. संशय बळकट असेल आणि रक्तस्रावाचा धोका नसेल, तर तपासण्या पूर्ण होण्याआधीच हेपारिन सुरू करावे, हे शास्त्रसंमत आहे.

तालुका पातळीवरील आरोग्यव्यवस्थेकडून तीन अपेक्षा रास्त ठरतात: धाप लागलेल्या प्रत्येक रुग्णाची त्या सहा निकषांवर नोंद, चोवीस तास ट्रोपोनिनची सोय आणि मोठ्या रुग्णालयात पाठविताना ही माहिती फोनवरून आधीच कळविण्याची शिस्त. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. त्या आकड्यावरून पुढच्या तासाभरात काय करायचे हे ठरणार नसेल, तर चिठ्ठीवरची रक्कम आणि नातेवाइकांची धास्ती तेवढी वाढते.