चार बोटं खाली

चाकोरी : चक्रपाणि

जुनी झेन नाहीतर एस्टीम साठ-सत्तर हजारांत पदरात पडली, की पोराला सगळ्यात आधी खुपते ती टायर आणि मडगार्डमधली मोकळी जागा. चार बोटं सहज आत जातात. ती जागा भरली पाहिजे, गाडी ‘बसली’ पाहिजे. मग कुणीतरी सुचवतं : स्प्रिंगा काढायच्या, ग्राइंडरने दीडदोन वेढे उडवायचे, परत चढवायच्या. अर्ध्या दिवसाचं काम, खर्च फक्त मजुरीचा. आणि गाडी दिसते छानच. एस्टीमसारखी लांबट गाडी जमिनीलगत आली की तिला एक डौल येतो. माझं भांडण डौलाशी नाही, हिशेबाशी आहे.

ती चार बोटं कंपनीने चुकून ठेवलेली नसतात. खड्ड्याच्या कडेवर किंवा उंचवट्यावर चाक वर उसळतं, त्याला उसळायला ती जागा. समजा, चाकाला वर यायला आठ सेंटिमीटर होते आणि तुम्ही त्यातले चार काढून घेतले. तोच दणका निम्म्या अंतरात पचवायचा, तर ढोबळमानाने स्प्रिंग चौपट कडक हवी. आठ वेढ्यांतले दोन कापले तर ती जेमतेम एक तृतीयांशाने कडक होते. बाकीचा दणका जातो बंप स्टॉपच्या रबरावर, आणि वीस वर्षांच्या गाडीत त्या रबराचा बहुधा भुगा झालेला असतो. म्हणजे शॉकअप बुडाला आपटतो, तेल सोडतो. त्याच्याही वर असतो तो पत्रा, ज्यावर शॉकअप टेकलेला असतो. पेणच्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेत पंधरा-वीस पावसाळे काढलेला तो पत्रा आधीच कुरतडलेला असतो. तिथे चीर पडली की काम मेकॅनिककडून वेल्डरकडे जातं.

टायरचं वेगळंच. गाडी खाली आली की चाकं आत कलतात, टायरची आतली कड झिजते. बाहेरून नक्षी शाबूत दिसते, आतून तार वर आलेली असते. अलाइनमेंट करून तोंडं सरळ होतात, पण या जुन्या मारुतींत कॅम्बर फिरवायची सोयच नाही. बदल्यात मिळतं काय? गुरुत्वमध्य तीनचार सेंटिमीटर खाली येतो, वळणावर गाडी किंचित कमी झुकते. रेसच्या ट्रॅकवर त्याला मोल आहे. भिसे खिंडीच्या वळणावर समोरून धाटावच्या औद्योगिक वसाहतीतला टँकर येत असताना नाही.

आता रस्त्याचं बोलू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात गतिरोधक कसा असावा ते लिहिलेलं आहे : ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर उंच. हे गणित फार शहाणपणाचं आहे. सव्वादोन-अडीच मीटर अंतरावर चाकं असलेली गाडी अशा गतिरोधकावर चढते तेव्हा पुढची-मागची दोन्ही चाकं त्याच्यावरच असतात, त्यामुळे पोटाखालची जागा कमी होते ती फक्त चार सेंटिमीटरच्या आसपास. खाली घेतलेली गाडीसुद्धा त्यावरून हळूच निघून जाईल. पण आपल्याकडे गावात अपघात झाला की दुसऱ्या दिवशी डांबराचा हातभर रुंदीचा ढिगारा पडतो. तो आपली सगळीच्या सगळी उंची गाडीच्या पोटातून वसूल करतो. त्यात मागे तिघं बसलेले, डिकीत तांदळाचं पोतं. मग खरवडला जातो तो चेंबर. चेंबर फुटला की इंजिन ऑइल रस्त्यावर, आणि दिवा लागूनही तशीच पुढे दामटली तर इंजिन खोलायची वेळ येते. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांवर टँकरच्या चाकांनी दोन बाजूंना खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला भाग वर राहतो. तिथे पोट घासायला गतिरोधकाचीही गरज उरत नाही. म्हणून तर जिथे स्प्रिंगा कापल्या जातात त्याच गॅरेजात दुसरा कुणीतरी स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर घालून गाडी वर घेत असतो.

दोष रस्त्याचा की गाडीवाल्याचा? दोघांचाही. फक्त बिल एकट्या गाडीवाल्याला येतं.

आणि कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. रस्त्यात कोणी उंची मोजत बसत नाही, हे खरं. पण खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी एमएच-०६ ची गाडी पेणच्या आरटीओत तपासणीला न्यावी लागते. नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं, आणि वीस वर्षं उलटलेल्या मोटारीला २०२५ पासून १०,०००. एवढे भरून गाडी नापास करून घेण्यात कसली हौस? विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतर दावाही अडू शकतो.

श्रावण संपत आला की हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून गणपती निघायला लागतात. शाडूची मूर्ती नेणारा माणूस गाडी निवडताना रंग बघत नाही, ती उसळते किती हे बघतो. कडक गाडीत सोंडेला किंवा बोटाला तडा जायला एक खड्डा पुरतो. बसवलेली गाडी घेऊन मूर्ती न्यायला आलेल्या पोराला घरच्यांनी शेजाऱ्याच्या इको व्हॅनमधून मूर्ती आणायला लावणं, हे मला कलम ५२ पेक्षा परिणामकारक वाटतं.

गाडीवर पैसे घालायचेच असतील तर नवे शॉकअप, बुश आणि बॉल जॉइंट यांवर घाला. जुनी गाडी डुगडुगते ती उंचीमुळे नाही, हे सगळं झिजल्यामुळे. तरीही खालीच घ्यायची असेल तर कापू नका; मापाच्या आखूड स्प्रिंगा घ्या, जोडीचे शॉकअप घ्या आणि मूळ स्प्रिंगा माळ्यावर जपून ठेवा. झेन आणि एस्टीम बंद होऊन दीड तप होऊन गेलं. नवा माल मिळणं दुरापास्त, मग कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधत फिरावं लागतं.

आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी एक करा. जॅक लावून चाक लोंबकळू द्या आणि स्प्रिंग हाताने हलवून बघा. शाबूत स्प्रिंग आपल्या वाटीत घट्ट असते. कापलेली खुळखुळते, आणि तिच्या टोकाला रंग नसतो, ग्राइंडरचे ओरखडे आणि गंज असतो. खोल खड्ड्यात चाक असंच लोंबलं की ती वाटीतून सटकू शकते. मालक म्हणेल, आधीच्यानेच केलं होतं. किंमत तरीही पाडून मागा.