बेल्ट कमरेला, पण अंगात काय?

कराटे भारी की कुस्ती, यावर कट्ट्यावर तासन्‌तास वाद चालतो. माझ्या मते प्रश्नच चुकलाय. बघायचं ते एवढंच, की सरावात समोरचा विरोध करतो का?

तालमीत डाव नुसता दाखवून भागत नाही. हौद्यात समोरचा पठ्ठ्या जीव तोडून अडवतो, तेव्हाच कळतं आपला ढाक बसतो की नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानात ज्युदोची शाळा काढली. घातक प्रकार मोकळ्या सरावातून बाजूला ठेवले, त्यामुळे उरलेले डाव रोज पूर्ण जोरानं करता आले. १९९३ च्या पहिल्या यूएफसीत रॉयस ग्रेसीनं आपल्याहून दांडगे गडी हरवले, त्यामागेही असाच सराव होता.

आणि आपल्याकडे? मुलींसाठी चार दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर, फोटो, प्रमाणपत्र, संपलं! तिथं हात धरणारी मैत्रीण झटका दिला की लगेच सोडते. खरा हल्लेखोर सोडेल? असला खोटा आत्मविश्वास भीतीपेक्षा घातक.

शिबिरं नकोत, वर्षभर आठवड्यातून दोन तास द्या. कराटे शिकवा, ज्युदो शिकवा, पण लढत हवीच. आणि पहिला धडा ओरडून पळण्याचा, ११२ लावण्याचा.

पालकांनो, फी भरण्याआधी एकदा वर्गात जाऊन बसा. तासाभरात कुणीच कुणाला अडवलं नाही, तर तो क्लास नाही, कवायत आहे.