वजन उतरले, मनाचे काय?

समजा, राहुरीजवळच्या एका गावातली चाळिशीतली गृहिणी. वजन एकशे दहा किलो, मधुमेह, गुडघे दुखतात, रात्री घोरताना श्वास अडकतो. घरच्यांनी पैशाची जुळवाजुळव केली आणि पुण्यात जाऊन तिचे 'पिशवी लहान करायचे' ऑपरेशन झाले. वर्षभरात तिचे पस्तीस किलो उतरले, इन्सुलिन बंद झाले. आता ती लग्नाकार्याला गेली की बायका भोवती जमतात. कोणी जुना फोटो शेजारी धरून पाहते, कोणी डॉक्टरांचा नंबर मागते. प्रश्न एकच असतो: किती उतरले? दीड वर्षानंतर तिला पहाटे जाग येते, विनाकारण रडू येते, घरात कोणाशी बोलावेसे वाटत नाही. हे ती कोणाला सांगत नाही. एवढा खर्च करून, एवढे कौतुक होऊन आपण उदास आहोत, याचीच तिला लाज वाटते.

ही बाई कल्पनेतली आहे, पण तिचा त्रास कल्पनेतला नाही. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मनात होणारे बदल वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत. आपल्याकडे मात्र ते सांगितले जात नाहीत आणि विचारलेही जात नाहीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हा लेख शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग काढून टाकतात. 'बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. योग्य रुग्णाला यातून मोठा फायदा होतो. मधुमेह आटोक्यात येतो, रक्तदाब उतरतो, झोप सुधारते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुष्यमानही वाढलेले दिसले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी निकष बदलले आणि आशियाई लोकांसाठी २७.५ बीएमआयपासूनच या शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे सांगितले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले होते. म्हणजे येत्या काळात ही ऑपरेशने वाढणार आहेत. म्हणूनच त्यांच्या पुढच्या काळजीबद्दल आता बोलायला हवे.

मनाबद्दलचे पुरावे दोन बाजू दाखवतात. २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांपैकी सुमारे १९ टक्के लोकांना आधीपासून नैराश्य होते आणि शस्त्रक्रियेनंतर एकूण नैराश्याचे प्रमाण घटले. ही चांगली बातमी. त्याच सुमारास कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला ८,८१५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेच्या आधीची तीन वर्षे आणि नंतरची तीन वर्षे यांची तुलना केली होती. स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीच्या विभागात यावे लागण्याचे प्रमाण वर्षाला दर हजारी २.३३ वरून ३.६३ झाले होते. यातल्या बहुतेक घटना दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षातल्या होत्या आणि बहुतेक रुग्णांना आधी मानसिक आजाराचे निदान झालेले होते.

हजारात चारच्याही आतला हा आकडा घाबरवण्यासाठी सांगितलेला नाही. पण तो आपल्याला वेळ सांगतो. पहिल्या वर्षी वजन झरझर उतरते, कौतुक होते, सर्जनकडे फेऱ्या होतात. दुसऱ्या वर्षी वजन उतरायचे थांबते, कधी दोनचार किलो परत चढतात, कौतुक ओसरते आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्याही थांबतात. नेमके तेव्हाच मनाकडे लक्ष द्यायला कोणी नसते.

असे का होते? एक कारण अगदी साधे आहे. वर्षानुवर्षे ज्या माणसाने दुःख, राग, एकटेपणा खाण्यात विसरायचा प्रयत्न केला, त्याचा तो आधार एका दिवसात काढून घेतला जातो. आपल्या राहुरीच्या बाईचेच पाहा. घरातल्या सगळ्यांसाठी भाकऱ्या थापायच्या, सणाला पुरण शिजवायचे, आणि स्वतः अर्धी भाकरी खाऊन ताट बाजूला करायचे. पाहुण्यांचा आग्रह मोडताना वाईटपणा घ्यायचा. शिवाय वजन गेले की सगळे प्रश्न सुटतील, अशी आशा असते. प्रत्यक्षात सैल पडलेली कातडी लोंबते, नवऱ्याशी असलेला जुना तंटा तसाच राहतो. नाती बदलतातही. स्वीडनमधल्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतर घटस्फोटांचे प्रमाण वाढलेले दिसले आणि एकट्या असलेल्यांमध्ये नवी नाती जुळण्याचेही.

काही कारणे थेट शरीरातली आहेत. ब-१२, लोह, ड जीवनसत्त्व कमी पडले की थकवा आणि उदासी येते. शाकाहारी माणसात ब-१२ मुळातच कमी असण्याची शक्यता जास्त. सतत उलट्या होत राहिल्या तर ब-१ कमी होऊन गोंधळल्यासारखे होणे, तोल जाणे अशी लक्षणे दिसतात, तेव्हा थांबून चालत नाही. नैराश्याच्या गोळ्या आधीपासून चालू असतील, तर विशेषतः बायपासनंतर त्या पूर्वीइतक्या शोषल्या जातीलच असे नाही. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांबाबत ही शंका अधिक. उलट लिथियमची पातळी धोकादायकरीत्या वाढू शकते. दारूचेही तसेच. बायपासनंतर ती झपाट्याने रक्तात मिसळते आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दुसऱ्या वर्षी दारूच्या विकाराचे प्रमाण ७.६ वरून ९.६ टक्क्यांवर गेले होते.

यावर कोणी म्हणेल, ऑपरेशनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी होतेच की. अनेक ठिकाणी होते. पण ती परीक्षेसारखी होते. 'नैराश्य आहे' असे सांगितले तर ऑपरेशन नाकारतील, या भीतीने रुग्ण खरे बोलत नाही. नैराश्य आहे एवढ्यावरून कोणाला ऑपरेशन नाकारायचे कारण नाही. त्यावर उपचार करून, अधिक लक्ष ठेवून पुढे जाता येते. हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगितले, तर तो मोकळेपणाने बोलेल. आणि ऑपरेशनपूर्वीची एक भेट दीड वर्षानंतरच्या मनाची हमी देऊ शकत नाही.

आपल्या जिल्ह्यात अडचण आणखी एक आहे, ती अंतराची. क्षेत्रफळाने राज्यातला हा सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुक्यांचा. ऑपरेशनला पुणे, मुंबई, नाशिक गाठणारे अनेक. नगरहून पुण्याला जाऊन यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी किंवा रजा गेली. अकोल्याच्या किंवा पाथर्डीच्या माणसाला तर नगर शहरच लांब. 'वजन ठीक आहे, मग कशाला जायचे?' असे म्हणून दुसऱ्या वर्षाची भेट टळते. म्हणून माझे म्हणणे असे की ऑपरेशन कुठेही होवो, मनाची देखरेख रुग्णाच्या घराजवळ व्हायला हवी. सर्जनने घरी पाठवताना एक पत्र गावच्या डॉक्टरांच्या नावे द्यावे. कोणते ऑपरेशन झाले, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणत्या तपासण्या केव्हा करायच्या आणि मनाची विचारपूस केव्हा करायची, एवढे त्यात असले तरी पुरे.

विचारपूस करायला मोठी यंत्रणा लागत नाही. जगभर वापरले जाणारे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश वाटले का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? बहुतेक दिवस 'हो' असेल, तर पुढची तपासणी करायची. त्यासाठी नगरचे जिल्हा रुग्णालय आहे, लोणी आणि विळद घाट इथली वैद्यकीय महाविद्यालये आहेत. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते आणि फोनला पैसे पडत नाहीत. जीव नकोसा वाटत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी घरच्यांना सांगावे, फोन करावा, रुग्णालय गाठावे.

विमा कंपन्यांनाही यात वाटा उचलता येईल. विमा नियामकाच्या निकषांनुसार बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, ही अट पूर्ण झाली की या शस्त्रक्रियेचा खर्च मागता येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले आहे. या दोन्ही गोष्टी जोडून, शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्येच दोन वर्षांच्या समुपदेशनाच्या भेटी धरल्या पाहिजेत. ऑपरेशनच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

आणि घरच्यांनी काय करायचे? किलो विचारणे थोडे कमी करावे. झोप लागते का, जेवताना एकटे वाटते का, हे विचारावे. पाहुण्यांच्या आग्रहातून तिला सोडवावे. तुमच्या घरात कोणाचे असे ऑपरेशन झाले असेल, तर आजच कॅलेंडर उघडा आणि ऑपरेशनपासून अठराव्या महिन्यावर खूण करून ठेवा. त्या महिन्यात वजनकाटा बाजूला राहू द्या, पण डॉक्टरांची भेट चुकवू नका.