रिॲक्टर मोठा होतोय, पण कुलिंगचं काय?

परवा आमच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या विस्ताराची जनसुनावणी झाली. प्रश्न दोनच विषयांवर: स्थानिकांना नोकऱ्या किती आणि नाल्यात पाणी सोडणार का? दोन्ही रास्तच. पण रिॲक्टर मोठा होणार, त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही, कबूल करतो.

येताना ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे थांबलो. त्यानं माझ्याच वहीत आकृती काढून समजावलं. रिॲक्टरची उंची-रुंदी दुप्पट केली की माल आठपट मावतो, पण गार करणारं जॅकेट वाढतं फक्त चौपट. म्हणजे मालाच्या मानानं कुलिंग निम्म्यावर. ते भरून काढायला कॉइल, चिलर, जादा पंप लागतात. खर्च तिथं येतो आणि काटछाटही तिथंच होते, कारण कुलिंगवर घातलेला पैसा उत्पादनात दिसत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला टी-टू लॅबोरेटरीज नावाची छोटी कंपनी होती. पेट्रोलमध्ये मिसळायचं रसायन बनवायची. ४२व्या बॅचपासून त्यांनी मालाचं प्रमाण एक तृतीयांशानं वाढवलं. कुलिंग गावच्या नळाच्या पाण्यावर, पर्यायी सोय नाही. तरी बॅचमागून बॅच निघत राहिल्या. १९ डिसेंबर २००७ ला १७५व्या बॅचला कुलिंग बंद पडलं आणि रिॲक्टर फुटला. ४ ठार, ३२ जखमी. जखमींत बहुतेक बाहेरचे लोक. मृतांमध्ये कंपनीचा एक मालकही होता, तो स्वतः केमिकल इंजिनिअर. म्हणजे प्रश्न नियतीचा नव्हता. 'आजवर काही झालं नाही' यावर ठेवलेल्या भरवशाचा होता.

२३ मे २०२४ चा डोंबिवलीचा स्फोट तर आपण सगळ्यांनी पाहिलाय.

कारखाने नकोत असं मी म्हणत नाही. आपल्या गावातली कितीतरी घरं त्यांच्यावर चालतात. आणि रिॲक्टरजवळ रात्रपाळीला उभी असतात ती आपलीच पोरं, तीही कंत्राटी. म्हणून पुढच्या सुनावणीत तीन प्रश्न विचारा:

१. लाइट गेली तर कुलिंग कशावर चालणार?
२. दाब वाढला तर तो कुठून आणि किती लवकर बाहेर पडणार?
३. बॅच वाढवण्याआधी उष्णतेची चाचणी केली का?

उत्तरं कागदावर घ्या. मी वही घेऊन येतोच आहे. या वेळी पुढच्या खुर्चीत बसणार.