पट्टा बांधूनच बसा

उमऱ्याला किंवा आखातात मुलाकडे निघालेल्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना विमानाची खरी धास्ती वाटते ती उड्डाण करताना आणि उतरताना. विमान हादरते, पोटात खड्डा पडतो, ओठांवर आपोआप दुआ येते. दुआ जरूर करावी. पण हा हादरा का बसतो, तेही समजून घ्यावे.

पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवरून येणारे पाणी पाहा. वाटेत धोंडा आला की पाणी त्यावर चढते, पलीकडे कोसळते आणि तिथे भोवरे धरते. वाऱ्याचेही तसेच. समुद्रावरून आलेला वारा सुमारे १३०० मीटर उंचीच्या या डोंगरांना धडकून वर चढतो आणि पलीकडे उलटसुलट वाहतो. म्हणून सह्याद्री ओलांडून मुंबईला किंवा नाशिकजवळच्या ओझरला उतरणारे विमान डगमगू शकते. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरची गरम हवा आणि वळवाचे ढग त्यात भर घालतात.

विमानतळाजवळ आणखी एक कारण असते, ते म्हणजे पुढचे विमान. त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे सुटतात. म्हणून जड विमानामागून उतरणाऱ्या मध्यम विमानाला साधारण ९ किलोमीटरचे अंतर ठेवावे लागते. धावपट्टीच्या तोंडाशी आपले विमान उगाच थांबल्यासारखे वाटते, तेव्हा अनेकदा हेच कारण असते.

हादऱ्यांनी पंख हलले तरी भिऊ नये. ते लवचीकच बनवलेले असतात. जपायचे असते ते आतल्या माणसांना. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेले विमान उतरत असताना जोरदार हादरले आणि डझनाहून अधिक लोक जखमी झाले. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानात तर पट्टा न बांधलेली माणसे जागेवरून वर फेकली गेली. त्या उलथापालथीला पाच सेकंदही लागले नव्हते.

तेव्हा दिवा विझला तरी पट्टा सोडू नका. अम्मी-अब्बांचा पट्टा कमरेखाली, नीट आवळून बांधा. मांडीवरच्या बाळाला आपल्याच पट्ट्यात घेऊ नका. त्याच्यासाठी वेगळा पट्टा मागून घ्या. विमान उतरू लागले की वुजूसाठी किंवा सामान काढायला उठू नका. ते पूर्ण थांबेपर्यंत बसूनच राहा.