एक दात कमी

चव्वेचाळिसाव्या वर्षी, एकाच आठवड्यात माझे दोन दात गेले. एक खालच्या जबड्यातला, उजवीकडचा. दुसरा माझ्या मोटरसायकलच्या पुढच्या चक्रातला. पहिला काढताना दंतवैद्यांनी भूल दिली होती. दुसरा काढताना मी पूर्ण शुद्धीवर होतो असे माझे म्हणणे आहे. आमच्या हिचे मत वेगळे आहे. गंमत अशी की पहिला दात गेल्याचे सांगितले तेव्हा लोक ‘अरेरे’ म्हणाले आणि दुसरा गेल्याचे सांगितले तेव्हा ‘वा!’ म्हणाले. माझी तक्रार या ‘वा’विरुद्ध आहे आणि ती मी आज रीतसर दाखल करणार आहे.

आधी कागदपत्रे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ज्याचे जाणे-येणे आहे त्याला ‘रस्ता’ हा शब्द एकवचनात वापरता येत नाही. चंद्रपुरातून मूलकडे निघालात की डांबर. मुख्य रस्ता सोडून आत वळलात की मुरूम. मुरूम संपला की गिट्टी. गिट्टी ही रस्ता होणार असल्याची नांदी असते आणि नाटक पुष्कळदा नांदीवरच आटोपते. त्यापुढे धानाच्या बांध्यांमधली पांदण, आणि पांदणीच्या शेवटी नाला. नाल्यावर रपटा असतो, पण पावसाळ्यात तो नेमका पाण्याखाली असतो. आणखी खाली, आलापल्लीहून भामरागडकडे गेलात तर साठ-पासष्ट किलोमीटर जंगल. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी आम्ही इतक्या पावसाळ्यांत वाचली आहे की ती छापायला वार्ताहराची गरज नाही, नुसती तारीख बदलली तरी चालावे.

अशा मुलखात डांबरावरही चालेल आणि पांदणीतही चालेल अशी फटफटी हवी, ही कल्पना काही आजची नाही. आमच्या लहानपणी तिला वेगळे नाव नव्हते एवढेच. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने बनवलेली १७३ सीसीची राजदूत दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लटकवून कुठेही जात असे. ‘तू ॲडव्हेंचर करतो आहेस’ असे त्या दूधवाल्याला कोणी सांगितले नव्हते, म्हणून बिचारा वेळेवर पोचत असे. पुढे २०११ साली हिरोने इम्पल्स नावाची दीडशे सीसीची गाडी आणली. ती फारशी खपली नाही आणि बंद झाली. मग २०१९ साली एक्सपल्स २०० आली. पुढचे चाक एकवीस इंची, मागचे अठरा इंची, पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा, आणि तेव्हाची किंमत, रस्त्यावर आणण्याचा खर्च सोडून, लाखाच्या आत. बँकेतल्या कारकुनाने पन्नाशीच्या आत एक मूर्खपणा करावा आणि तो हप्त्यांत फेडता यावा, असा हा हिशेब होता. पुढे ती मी घेतली.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण मला माहीत होती. पण पाहुण्याला जेवू घालायला इतके लोक टपलेले असतील याची कल्पना नव्हती.

पहिला आला दातवाला पंथ. आमच्या मिस्त्रीने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, “साहेब, पुढचा एक दात कमी करून टाका जी. गाडी पाह्यजा मंग, झाडावर चढते.” मी म्हटले, “मला बँकेत जायचं आहे.” तो म्हणाला, “तं जा ना जी. पण चढते.”

दुसरा पंथ दागिनेवाल्यांचा. हाताला मुठीवरचे कवच, पोटाला लोखंडी तवा, कपाळाला दोन जादा दिवे, बगलेत दोन ॲल्युमिनियमच्या पेट्या. कंपनीनेही २०२० साली ३८,००० रुपयांचे रॅली किट काढले होते. लांब पल्ल्याचे सस्पेन्शन, ठोकळेदार टायर, हँडल उंच करणारे तुकडे. शर्यतीत धावणाऱ्याला ते शोभते. मला शोभले असते तर मी कॅश काउंटरवर असतो का?

तिसरा पंथ आवाजवाल्यांचा. त्यांच्याविषयी पुढे येतो. त्यांचा आवाज आधीच पोचला असेल.

आता दाताचा हिशेब सांगतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. यंत्रातले कळत नाही, पण भागाकार कळतो. माझ्या गाडीला पुढे १३ दात आणि मागे ४०. चाळीस भागिले तेरा, ३.०८. म्हणजे पुढचे चक्र तीन फेऱ्या आणि वर थोडे फिरते तेव्हा मागचे चाक एकदा फिरते. पुढे १२ दात केले की तेच ३.३३. फरक ८.३३ टक्के. हा आकडा पाहताच मला घरच्यासारखे वाटले, कारण गृहकर्जाच्या फायलींत त्याचे भाऊबंद मी रोज पाहतो. मागच्या चाकाची ओढ ८.३३ टक्क्यांनी वाढली, छान. पण ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत होते तिथे आता ५,४१७ घेणार. तेही ८.३३ टक्केच. देव आणि बँक फुकट काही देत नाहीत. शिवाय लहान चक्राभोवती साखळीला जास्त मुरडावे लागते, तिची झीज लवकर होते, आणि मागच्या दांडीवरच्या रबरी पट्टीला ती जास्त घासते. मागे तीन दात वाढवले तरी परिणाम जवळजवळ तोच. पुढचा एक म्हणजे मागचे तीन. सुनेचा एक शब्द सासूच्या तीन वाक्यांबरोबर असतो, तसे.

मी दात काढला. पेट्याही लावल्या. ठोकळेदार टायरही घातले. आठवडाभर मी आरशात माझ्यापेक्षा गाडीकडे जास्त पाहिले. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात. मी खायचा एक उपटून दाखवायचे दोन बसवले होते.

आणि मग तो ऑगस्टचा दिवस आला. एका सहकाऱ्याच्या गावी तेरवीला निघालो होतो. सावलीपर्यंत डांबरावर इंजिन कोकलत होते, मागून येणारी एसटी मला ओलांडून गेली, आणि ओल्या वळणावर ते ठोकळेदार टायर एकदा असे सरकले की तेरवी दोघांची एकदमच उरकली असती. पण पांदणीला लागलो आणि गाडी खरेच चढू लागली. मिस्त्री खोटे बोलला नव्हता. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, क्लच न जाळता, गाऱ्यातून ती अशी जात होती की मी एकटाच ‘वा’ म्हणालो. तेवढ्यात पांदण अरुंद झाली. दोन्हीकडे उंच बांध, मध्ये बैलगाडीच्या चाकांनी खणलेल्या दोन चाकोऱ्या. डावी पेटी एका बांधात रुतली, उजवी दुसऱ्या. मी बाटलीला बूच बसावे तसा पांदणीला बसलो.

समोरून एक जुनी स्प्लेंडर आली. चालवणारा तिशीचा. मागे त्याचा भाऊ, आणि दोघांच्या मध्ये त्यांची आई, दुपट्ट्याने बांधलेली, मान कलंडलेली.

“साहेब, गाडी बाजूले घ्या जी. मायले ताप हाये, दवाखान्यात नेऊन राह्यलो.”

“अडकली आहे हो,” मी म्हणालो.

“त्या पेट्या काढा ना मंग.”

पेट्या काढायला पाना लागत होता. पाना पेटीत होता. पेटीचे झाकण बांधाने दाबून धरले होते. त्या पेट्यांत मी काय भरले होते म्हणाल, तर गाडी अडकल्यास सोडवण्याचे सामान.

त्या दोघांनी आईला बांधावर टेकवले, मातीत हात घातले आणि माझी गाडी पेट्यांसकट उचलून मागे ओढली. पंधरा मिनिटे गेली. पंधरा मिनिटे ती म्हातारी पावसात बसून होती आणि मी “सांभाळून हं, पाट्याला लागेल” असे काहीतरी म्हणत होतो. जाताना धाकटा मागे वळून म्हणाला, “गाडी लय भारी हाये जी तुमची.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते.

संध्याकाळी परतताना मी मुद्दाम दवाखान्यात डोकावलो. म्हातारीला सलाईन लावले होते, ती बोलत होती. थोरल्याची गाडी बाहेर उभी होती. ९७ सीसी. तिच्यातही बदल होते, पण ते बारकाईने पाहिल्याशिवाय दिसले नसते. पुढच्या मडगार्डचा खालचा पत्रा काढला होता, कारण गारा तिथे भरला की चाक फिरत नाही. चालू क्लच केबलला लागूनच दुसरी नवी केबल बांधून ठेवली होती. एक तुटली की टोक बदलायचे आणि निघायचे. सीटखाली एक प्लग, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, एक पाना. हँडलला टांगलेला छोटा हातपंप, कारण पांदणीत हवा थोडी कमी करायची आणि डांबराला लागण्यापूर्वी भरायची. फारच कमी केली तर खड्ड्यात ट्यूब चिमटते, तेही त्यानेच मला सांगितले. एकूण खर्च माझ्या एका जादा दिव्याइतका.

त्या दिवसापासून माझे मत असे आहे, आणि ते मी कुणाचीही भीड न ठेवता मांडतो: रस्त्याने मागितला नाही तो बदल गाडीला करू नये. गाडीची दुरुस्ती गाडी पाहून करायची नसते, वाट पाहून करायची असते. पहिली वाट पायाखालची. मी वहीत वर्षभर नोंद ठेवली. माझ्या दर शंभर किलोमीटरमध्ये डांबर ९१, मुरूम-गिट्टी ७, पांदण २. या दोनासाठी बाकीच्या अठ्ठ्याण्णवांवर ८.३३ टक्के भरणे, असा प्रस्ताव कुठल्याही ग्राहकाने आणला असता तर मी त्याला पाणी देऊन घरी पाठवले असते. ज्याच्या शंभरात पन्नास पांदण आहे त्याने खुशाल दात काढावा. त्याला माझ्या लेखाची गरजही नाही.

आता तो आवाजवाला पंथ. सुटीच्या दिवशी बाहेरगावची तरुण मंडळी सायलेन्सर फोडून आमच्याकडे ‘जंगल जिंकायला’ येतात. ताडोबात दुचाकीला प्रवेश नाही, म्हणून आजूबाजूच्या वाटा धरतात. बाबांनो, या जिल्ह्यांत वाघ फक्त ताडोबात राहात नाहीत. उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचायला जंगलात शिरणाऱ्या बाईकडे चिलखत नसते, कान असतात. वानराने खाकरले, भेकर भुंकले, तर ती वेळेवर मागे फिरते. तुमच्या फटफटाटात तिला ते ऐकू येत नाही. तुमची हौस दहा मिनिटांत पुढच्या वळणाला जाते. तिची जोखीम तिथेच राहते. कायदा ऐकायचा असेल तर तोही सांगतो. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला बदलागणिक ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पण मला कायद्यापेक्षा त्या बाईचे कान मोठे वाटतात.

आणि शेवटची गोष्ट, जी म्हणताना मला हसू येत नाही. जी वाट तुम्हीआम्ही ‘ॲडव्हेंचर’ म्हणून शोधत जातो ती कुणाची तरी शाळेची वाट आहे, रेशनची वाट आहे, दर पावसाळ्यात रुग्णाला खाटेवर घालून न्यायची वाट आहे. रस्ता धड नाही म्हणून आपण गाडीचा दात कमी करतो, चाक मोठे करतो, पोट उचलतो, आणि मग सगळे कसे जमले म्हणून खूश होतो. रपटा आहे तिथेच, पाण्याखाली. ज्याला हप्ते परवडतात त्याने गाडी उंच केली की पूल उंच करा म्हणणारा एक आवाज कमी होतो. आम्ही गाडीचे दात मोजत बसलो. ज्यांनी पूल बांधायचा त्यांच्यावर दातओठ खायला कुणी उरले नाही. त्या तेरवीनंतर मी रपट्यासाठी एक अर्ज लिहिला आहे. कारकून असल्यामुळे अर्ज कुठे अडकतो हे मला ठाऊक आहे. दर महिन्याला स्मरणपत्र पाठवतो. तिथेही पहिल्या गिअरमध्येच जावे लागते.

पेट्या मी विकल्या. डांबरी टायर परत घातले. पुढे पुन्हा १३ दात. बारा दातांचे चक्र तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले आहे; धानाची रोवणी सुरू झाली की ते बसवतो, पावसाळा सरला की काढतो. अर्ध्या तासाचे काम आहे. साखळीचा ढिलेपणा तेवढा पुन्हा नीट करून घ्यावा लागतो.

जबड्यातली जागा मात्र अजून रिकामी आहे. परवा दंतवैद्य म्हणाले, “कायमचा कृत्रिम दात बसवून टाका.”

मी विचारले, “फक्त उन्हाळी-हिवाळी बसवता येईल का?”