गाडीतल्या नकाशाला वेगळे पैसे कशाला?

दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी घरी आणायची म्हणून अंधेरी, मालाड, घाटकोपरच्या शोरूममध्ये गेलेल्या कुटुंबापुढे पत्रक उघडले जाते ते एका ठरावीक क्रमाने: बेस मॉडेल, मधले मॉडेल, टॉप मॉडेल. मधले आणि टॉप यांतला फरक सांगताना विक्रेता आधी सनरूफ उघडून दाखवतो, मग डॅशबोर्डवरच्या पडद्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘यात नेव्हिगेशन इनबिल्ट आहे.’ त्या नेव्हिगेशनचे वेगळे किती, हे मात्र पत्रकात कुठेच नसते. आपल्याकडे ते सुटे विकतच नाहीत. सनरूफ, गार हवेची सीट, जास्तीचे स्पीकर आणि नकाशा असा एकच पुडा बांधलेला असतो. एकेका वस्तूची किंमत कळत नसल्याने ती गरजेची आहे का, हा प्रश्नही कुणी विचारत नाही. तो विचारावा असे मला वाटते, आणि मुंबईच्या उपनगरात पेट्रोल किंवा सीएनजी गाडी चालवणाऱ्यासाठी त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. चांगला पडदा जरूर घ्यावा, त्याला फोन जोडता येतो याची खात्री करावी. कंपनीने आत बसवलेल्या नकाशासाठी वरचे मॉडेल घेऊ नये.

आधी हिशेब पाहू. समजा मधले मॉडेल ९ लाख ८० हजारांचे आहे आणि वरचे १० लाख ६० हजारांचे. ‘फक्त ऐंशी हजारांचा फरक’ असे सांगितले जाते आणि हप्त्यात वाटून दाखवला की तो किरकोळ वाटतो. पण महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के मोटार वाहन कर आहे, आणि तो दर गाडीच्या पूर्ण किमतीवर लागतो. म्हणजे पहिल्या गाडीचा कर १,०७,८०० रुपये, दुसरीचा १,२७,२०० रुपये. ऐंशी हजारांचे इथेच ९९,४०० झाले. त्यावर विम्याचा जास्तीचा हप्ता आणि कर्जाचे व्याज. विमा कंपनी मात्र पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मीच धरते. या रकमेतला नकाशाचा वाटा किती हे सांगता येत नाही, हे मान्य. म्हणून ज्यांना सनरूफ हवेच आहे त्यांच्याशी माझा वाद नाही. (मुंबईच्या उन्हात आणि पावसात ते किती दिवस उघडे राहते, हा वेगळ्या लेखाचा विषय.) वाद आहे तो ‘नेव्हिगेशन मिळतेय ना’ म्हणून वर सरकणाऱ्यांशी.

आता उपनगरातल्या माणसाला नकाशाकडून नेमके काय हवे असते? रस्ता सापडणे ही इथली अडचणच नाही. पश्चिमेला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, एस. व्ही. रोड आणि लिंक रोड, पूर्वेला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि एलबीएस मार्ग, सगळे उत्तर-दक्षिण. मध्ये शंभर चौरस किलोमीटरहून मोठे राष्ट्रीय उद्यान आडवे पडलेले. त्यामुळे पूर्व-पश्चिम जायला मोजकेच पर्याय उरतात: जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड (जेव्हीएलआर), अंधेरी-घाटकोपर लिंक रोड, सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड, आणि उद्यानाला वरून वळसा घालायचा तर घोडबंदर. बोरिवलीहून मुलुंडला निघालेल्याला हे सगळे तोंडपाठ असते. त्याला हवे असते ते एवढेच, की आत्ता या घटकेला जेव्हीएलआरवर पवईपाशी काय चालले आहे, साकीनाक्याला गाड्या सरकताहेत का, घोडबंदरला कंटेनर बंद पडला आहे का. ही आजची खबर आहे, आणि ती नकाशा बनवणाऱ्या कंपनीच्या कार्यालयात तयार होत नाही, रस्त्यावर चालणाऱ्या फोनांकडून येते. गुगलचा लाल-पिवळा-हिरवा रस्ता म्हणजे त्या रस्त्यावरच्या हजारो फोनांच्या वेगाचा अंदाज. त्यात बस, रिक्षा, ओला-उबर, सामान पोहोचवणारी मुले सगळे आले. दुचाकी फटीतून निघून जाते आणि मोटार अडकते, हा फरकही धरावा लागतो; गुगलने २०१७ च्या डिसेंबरमध्ये दुचाकीसाठी वेगळी सोय काढली ती सर्वांत आधी भारतात. एखाद्या मोटार कंपनीच्या इंटरनेट जोडलेल्या गाड्या शहरात कितीही असल्या, तरी या गर्दीपुढे त्या मूठभरच. म्हणून गाडीतल्या यंत्रणेला वाहतुकीची माहिती बाहेरूनच घ्यावी लागते. ज्यांचे पोट रस्त्यावर आहे त्यांच्याकडे पाहिले तरी पुरे. रिक्षावाला हँडलजवळ फोन अडकवतो, टॅक्सीवाला काचेजवळच्या स्टँडवर. ‘मॅप लावा’ म्हटले की हात फोनकडेच जातो.

खबर शिळी झाली की काय होते, याचा सर्वांत चांगला दाखला अंधेरीचा गोखले पूल. ३ जुलै २०१८ ला त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. ७ नोव्हेंबर २०२२ पासून पूल वाहतुकीला पूर्ण बंद झाला आणि पाडायला घेतला. २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू उघडली, तीही सुरुवातीला हलक्या वाहनांसाठीच. तेव्हा लक्षात आले की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि नवा पूल यांच्या उंचीत दीड-दोन मीटरचा फरक पडला आहे आणि दोन्ही एकमेकांना जुळतच नाहीत. महापालिकेची यथेच्छ थट्टा झाली, मग बर्फीवाल्याचा जुना भाग उचलून ४ जुलै २०२४ ला जोड सुरू केली. पूर्ण पूल खुला झाला तो ११ मे २०२५ ला. म्हणजे अडीच वर्षांत एकाच जागेचे रूप चार वेळा बदलले. मधल्या पावसाळ्यांत अंधेरी सबवेत पाणी भरले की तोही बंद, मग पार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलाकडे किंवा जोगेश्वरीच्या ठाकरे पुलाकडे सगळ्यांची धाव. २०२२ च्या दिवाळीत घेतलेल्या गाडीतला नकाशा वर्ष-दीड वर्ष तसाच राहिला असेल, तर त्याच्या लेखी नसलेला पूल उभा होता आणि पुढे झालेला पूल नव्हता. गोखले पूल अपवादही नाही. शीवचा रेल्वेवरचा पूल १ ऑगस्ट २०२४ पासून पाडण्यासाठी बंद झाला. विक्रोळीचा बहुप्रतीक्षित पूल जून २०२५ मध्ये सुरू झाला. जेव्हीएलआरवर मेट्रो ६ आणि एलबीएसवर मेट्रो ४ च्या कामाने मार्गिका कधी डावीकडे सरकतात, कधी उजवीकडे. इतक्या वेगाने बदलणाऱ्या गावात नकाशाची किंमत तो किती सुबक आहे यावर नसते, काल रात्री बदलला की नाही यावर असते.

यावर विक्रेत्याकडे उत्तर तयार असते: आता एसडी कार्ड घेऊन सर्व्हिस सेंटरला जावे लागत नाही, गाडीतच सिम असते, नकाशा आपोआप अद्ययावत होतो. खरे आहे. २०१९ मध्ये एमजी हेक्टर, ह्युंदाई व्हेन्यू, किया सेल्टोस अशा इंटरनेट जोडलेल्या गाड्या आल्यापासून ही सोय मध्यमवर्गीयांपर्यंत पोहोचली. पण त्या सिमची सेवा सुरुवातीची काही वर्षेच गाडीच्या किमतीत धरलेली असते, पुढे वर्गणी भरा. आपली खासगी गाडी नोंदणीच्या दिवसापासून १५ वर्षे चालवायची मुभा असते, आणि आपण ती बरीच वर्षे वापरतोही. तेवढ्यात फोन चार-पाच वेळा बदलतो, गाडीतला पडदा आणि त्यामागचा प्रोसेसर मात्र तोच राहतो. आणखी एक धोका आहे, त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दूरसंचार कंपन्यांनी थ्रीजी सेवा बंद केली, तेव्हा अनेक धडधाकट गाड्यांच्या इंटरनेटवर चालणाऱ्या सोयी रातोरात मेल्या. गाडीला काही झाले नव्हते, तिच्या आतल्या मोडेमला बोलायला कुणी उरले नव्हते. आज घेतलेली गाडी २०४० च्या आसपास रस्त्यावर असेल, तेव्हा तिच्या सिमचे काय, याची हमी कोणत्याही पत्रकात नसते. फोनच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही, कारण फोन आपण तसाही बदलणार असतो.

फोनच्या नकाशावरही आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला रात्री एक महिला पुलावर चढण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने ध्रुवतारा जेटीकडे गेली आणि गाडी खाडीत पडली. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वाचवले. फोनमधल्या नकाशावर विसंबून ती चालली होती, असे तेव्हा सांगण्यात आले. पुलावर की पुलाखाली, हायवेवर की सर्व्हिस रोडवर, हा मुंबईतल्या सगळ्याच नकाशांचा दुखरा भाग आहे. उपग्रहाकडून मिळणारी जागा आडवी बरी कळते, उंची तितकी नेमकी कळत नाही. गुगलने जुलै २०२४ मध्ये उड्डाणपुलाची आगाऊ सूचना देण्याची सोय भारतातल्या शहरांत आणली ती यासाठीच. कंपनीचा नकाशा इथे सरस ठरतो, असे काही जण म्हणतात, कारण भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत मॅपमायइंडियाचा नकाशा असतो आणि चौकाचे चित्र दाखवून कोणती मार्गिका धरायची हे तो नीट सांगतो. दिल्लीत वर्मा दांपत्याने १९९५ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीचे काम दर्जेदार आहे, यात शंका नाही. पण त्याच कंपनीचे मॅपल्स हे अ‍ॅप फोनवर फुकट मिळते, चौकाच्या चित्रांसकट! देशी नकाशा हवा असेल तर तो जरूर वापरावा. त्यासाठी टॉप मॉडेल कशाला?

बोगद्यांचा मुद्दा मात्र मी खोडून काढणार नाही. उपग्रहाचा संदेश जमिनीखाली पोहोचत नाही. गाडीतल्या चांगल्या यंत्रणेला चाकांचा वेग आणि वळण ठाऊक असते, त्यावरून ती आपली जागा ताडत राहते; खिशातला फोन तेवढे अचूक ताडू शकत नाही. सागरी किनारा मार्गाच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यातून वरळीच्या दिशेने बाहेर आले की पाठोपाठ फाटे फुटतात, तिथे क्षणभर गोंधळलेला फोन चुकीच्या फाट्यावर घालू शकतो. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे आणि ठाणे-बोरिवलीचे बोगदे राष्ट्रीय उद्यानाखालून होत आहेत. ते झाले की उपनगरातल्यांचा रोजचा प्रवासही जमिनीखालून जाईल. तरीही बोगद्याच्या आत वळायला रस्ता नसतो. प्रश्न उरतो तो बाहेर पडल्यावरच्या पहिल्या फाट्याचा, आणि तो पाट्या वाचून सुटतो. एवढ्यासाठी लाखभर रुपये मोजण्यात मला तरी हशील दिसत नाही.

बाकीचे आक्षेप पटकन निकाली निघतात. काचेजवळ लावलेला फोन उन्हात तापतो आणि बॅटरी खातो, हे खरे. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असलेल्या पडद्याला जोडला की तो सावलीत ठेवता येतो, आणि तसा पडदा आता मधल्या मॉडेलमध्येही मिळतो. कायद्याची भीती घातली जाते, पण ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमात चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, केवळ मार्ग पाहण्यासाठी फोन वापरायला मुभा दिलेली आहे. माळशेज किंवा कसाऱ्याच्या घाटात रेंज जाते म्हणावे, तर त्या भागाचा नकाशा निघण्यापूर्वी फोनमध्ये उतरवून ठेवता येतो. खासगीपणाचा युक्तिवाद तर उलटाच पडतो. गुगलला आपले जाणे-येणे कळते म्हणून कंपनीचा नकाशा घ्यावा, तर २०२३ मध्ये मोझिलाने तपासलेल्या २५ च्या २५ मोटार ब्रँडना माहितीच्या गोपनीयतेत नापास केले होते. एकाकडून लपवायचे म्हणून दुसऱ्याला सांगायचे, एवढाच त्याचा अर्थ. पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्या घरांना मात्र गाडीतला नकाशा खरोखर सोयीचा: आजोबांना डॉक्टरकडे नेताना कुणाचा फोन जोडायचा, हा प्रश्न उरत नाही. पण अशी घरे किती?

एकच ठिकाण असे आहे जिथे माझे मत बदलते, आणि ते म्हणजे विजेवर चालणारी गाडी. बॅटरीत किती चार्ज उरला आहे, घाट चढताना किती जाईल आणि वाटेत कोणत्या चार्जरवर थांबावे, याचा हिशेब गाडीला जितका चांगला करता येतो तितका बाहेरच्या फोनला येत नाही. काही गाड्यांत चार्जरचे ठिकाण टाकले की वाटेतच बॅटरी जलद चार्जिंगसाठी योग्य तापमानाला आणली जाते. बोरिवली ते अंधेरी ये-जा करून रात्री सोसायटीत चार्जिंग करणाऱ्याला यातले काही लागत नाही. रत्नागिरी किंवा कोल्हापूरला वरचेवर जाणाऱ्याला लागते. अडचण अशी की कंपन्यांना हे कळले आहे. जनरल मोटर्सने २०२३ मध्ये जाहीर केले की तिच्या पुढच्या विजेच्या गाड्यांत फोन पडद्याला जोडण्याची सोय काढून टाकली जाईल. फोनचा रस्ता बंद झाला की नकाशाच काय, गाणीही वर्गणीवर घ्यावी लागतील. म्हणून विजेची गाडी घेणाऱ्याने शोरूममध्ये नेव्हिगेशनचे कौतुक ऐकून घ्यावे, आणि मग तीन गोष्टी लेखी मागाव्यात: सिमची सेवा किती वर्षे किमतीत धरली आहे, त्यानंतर वर्षाला किती पडतील, आणि फोन जोडण्याची सोय पुढच्या सॉफ्टवेअर बदलात काढून घेतली जाणार नाही ना. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा मिळतील. तिसऱ्याचे मिळेपर्यंत टोकन भरू नये.